हिशेबाचा वाचक : लहान व्यापारी संघांचे अहवाल आणि आर्थिक पारदर्शकता

१. प्रास्ताविक

व्यापारी संघाचा वार्षिक अहवाल हा वाङ्मयाभ्यासकाच्या टेबलावर सहसा येत नाही. साहित्यसंस्थांचे अहवाल संशोधक आवर्जून पाहतात. संमेलनांचे वृत्तान्त, ग्रंथालयांच्या वर्गणीदारांच्या याद्या यांवरून एका काळाचे वाङ्मयीन जीवन उभे करता येते, हे मराठीत आता सर्वमान्य आहे. मात्र बाजारपेठेतील आडत्यांचा संघ, किराणा व्यापाऱ्यांची संघटना किंवा एखाद्या वसाहतीतील दुकानदारांचे मंडळ जे चार-सहा पानी पत्रक वार्षिक सभेत वाटते, त्याकडे ‘मजकूर’ म्हणून पाहण्याची प्रथा नाही. ते आकड्यांचे काम आणि म्हणून हिशेब तपासनिसाचे काम, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. अहवालालाही लेखक असतो, निवेदन असते, काय सांगावे आणि काय वगळावे याची निवड असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याने मनाशी धरलेला एक वाचक असतो. लहान व्यापारी संघांच्या आर्थिक पारदर्शकतेचा प्रश्न बेरीज बरोबर आहे की नाही एवढ्यावर संपत नाही. हिशेब कोणासाठी लिहिला गेला, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. प्रस्तुत लेखात या वाचकाचा शोध चंडीगड येथील सेक्टर ३९ मधील बाजारपेठेच्या निमित्ताने आणि महाराष्ट्रातील समांतर अनुभवाच्या आधाराने घेतला आहे.

२. सेक्टर ३९ : एका आवारात दोन संस्था

चंडीगडची आखणी सेक्टरांमध्ये झालेली आहे. पहिल्या टप्प्यातील ३० सेक्टरांनंतर दुसऱ्या टप्प्यात ३१ ते ४७ या क्रमांकांचे सेक्टर वसवले गेले. ३९ हा त्यांपैकी एक. शहराची घाऊक बाजारपेठ मात्र पूर्वेकडील सेक्टर २६ मध्ये होती. ती अपुरी पडू लागल्यावर नैर्ऋत्य भागातील सेक्टर ३९ मध्ये नवी धान्य, फळे व भाजीपाला बाजारपेठ उभारण्याचे ठरले. हे स्थलांतर दीर्घकाळ रेंगाळले. गव्हाची व भाताची हंगामी खरेदी नव्या आवारात होऊ लागली, तरी फळे-भाजीपाल्याच्या व्यापाराचा प्रश्न २०२० नंतरच्या वर्षांतही चर्चेतच होता. नव्या आवारातील दुकानांच्या जागा खुल्या लिलावाने द्याव्यात की जुन्या परवानाधारकांना प्राधान्य मिळावे, हा वादाचा एक मध्यवर्ती मुद्दा.

महाराष्ट्रीय वाचकाला हा वाद अपरिचित नाही. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये आणि फळे-भाजीपाल्याचा बाजार १९९६ मध्ये वाशी येथे नेण्यात आला. पुण्याचा घाऊक व्यापार पेठांमधून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. प्रत्येक ठिकाणी व्यापारी एकट्याने बोलले नाहीत. त्यांच्या वतीने त्यांचा संघ बोलला. निवेदने संघाने दिली, वकील संघाने नेमले, विशेष वर्गणी संघाने गोळा केली.

अशा आवारात दोन प्रकारच्या संस्था शेजारी शेजारी नांदतात. एक बाजार समिती. ती कायद्याने निर्माण झालेली असते. चंडीगडला लागू असलेला कायदा १९६१ चा पंजाब कृषी उत्पन्न बाजार अधिनियम आहे. तिचे उत्पन्न बाजार शुल्कातून येते, तिचे लेखापरीक्षण होते आणि माहितीच्या अधिकाराखाली तिला प्रश्न विचारता येतो. दुसरी संस्था व्यापाऱ्यांचा संघ. तो स्वेच्छेने स्थापन झालेला, नफा न वाटणारा आणि आकाराने बहुधा लहान असतो. त्याचा खजिनदार स्वतः दुकान सांभाळून हिशेब लिहितो. पहिल्या संस्थेचा हिशेब सार्वजनिक मानला जातो, दुसऱ्याचा ‘घरचा’. परंतु आवाराचे भवितव्य ठरवताना दोघांचाही शब्द वजनदार असतो. प्रश्न उद्भवतो तो नेमका येथे.

३. खासगी लिपी, सार्वजनिक लिपी

हिशेबाला ‘घरचा’ मानण्यामागे मोठी भाषिक परंपरा आहे. मराठीतील कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद आणि पंजाबातील बही, रोजनामचा, खाता, लेखा हे शब्दसमूह समोरासमोर ठेवले की दोन्ही प्रदेशांवरील फारसी-अरबी राजवटींच्या दप्तरांची छाया दिसते. ‘जमा’, ‘खर्च’, ‘हिशेब’ हे शब्द दोघांनाही सामाईक आहेत. खुद्द ‘अहवाल’ हा शब्द अरबी ‘हाल’चे अनेकवचन होय; त्याचा मूळ अर्थ ‘स्थिती’, ‘अवस्था’. म्हणजे अहवाल देणे हे मुळात आपली अवस्था दुसऱ्याला कळवणे आहे.

लिपीचा प्रवास मात्र उलट दिशेचा आहे. पंजाबातील व्यापारी वह्या लंडे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिपींमध्ये लिहिल्या जात. त्यांत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. उत्तर भारतात सांगितला जाणारा विनोद प्रसिद्ध आहे : ‘बाबू अजमेर गया’ असे लिहिलेले घरच्यांनी ‘बाबू आज मर गया’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली. विनोदाचा मथितार्थ गंभीर आहे. ज्याने लिहिले त्याला आणि त्याच्या गुमास्त्याला संदर्भ ठाऊक असल्यामुळे स्वरांवाचून अडत नव्हते. बाहेरच्या वाचकाची सोय पाहण्याचे कारणच नव्हते. महाराष्ट्रात दप्तराची मोडी आणि ग्रंथाची बाळबोध अशी विभागणी होती. मोडी वेगासाठी होती आणि जाणकारासाठी होती. विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून मागे पडली आणि हिशेब बाळबोधीत आला, पण जाणकारासाठीच लिहिण्याची सवय लिपीबरोबर गेली नाही. आजच्या एखाद्या पत्रकातील ‘किरकोळ खर्च’, ‘इतर देणी’, ‘संकीर्ण’ या नोंदी स्वर गाळलेल्या लिपीसारख्याच आहेत : लिहिणाऱ्याला पूर्ण वाचता येतात, इतरांना अंदाज करावा लागतो.

४. सचोटीच्या दोन कथा

हिशेबाविषयीची नैतिक कल्पना दोन्ही भाषांत संतचरित्रांनी घडवली आहे. एकनाथांची कथा मराठी घरात सर्वांना माहीत असते. दौलताबादेस जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबातील एका पैची चूक शोधण्यात एकनाथांनी रात्र घालवली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली. एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर संसाराची चूक उमगल्यावर किती होईल, असा बोध गुरूंनी केला. पंजाबात गुरू नानकांच्या जनमसाखी परंपरेत सुलतानपूर लोधी येथील मोदीखान्याची कथा येते. नानक कोठारातील धान्य वाटून टाकतात अशी तक्रार नवाब दौलतखानाकडे गेली. हिशेब तपासला तेव्हा तूट निघाली नाही, उलट शिल्लक निघाली.

दोन्ही कथा हिशेबाला आध्यात्मिक प्रतिष्ठा देतात. त्यांतील फरकही लक्षणीय आहे. एकनाथांच्या कथेत चूक कोणी दाखवून दिलेली नाही. शोध आतून सुरू होतो. नानकांच्या कथेत कुजबुज बाहेरून येते आणि तपासणी तिचे निराकरण करते. एक कथा आत्मपरीक्षणाची, दुसरी चौकशीची. तरीही एका बाबतीत दोन्ही सारख्या आहेत : हिशेब पाहणारा एकच अधिकारी पुरुष आहे, आणि सिद्ध होते ती हिशेब ठेवणाऱ्या व्यक्तीची सचोटी. ज्यांना धान्य मिळाले किंवा मिळाले नाही, ते लोक वही पाहत नाहीत.

लहान व्यापारी संघांत आजही हीच कल्पना प्रभावी असते. ‘आमचे खजिनदार देवमाणूस आहेत’ हे वाक्य सभेत हिशेब मंजूर करून घेण्यास पुरेसे ठरते. ते खरेही असू शकते. पण देवमाणसाच्या निवृत्तीनंतर संस्थेकडे काय उरते, हा प्रश्न त्या वाक्याने सुटत नाही. पारदर्शकता हा संस्थेचा गुण आहे. एका माणसाच्या सचोटीने त्याची उणीव काही काळ झाकली जाते इतकेच.

५. धर्मादा : तिसऱ्या वाचकाचा पैसा

संघाचा पैसा सभासदांचा, म्हणून हिशेबही सभासदांपुरता, असा युक्तिवाद केला जातो. बाजारपेठेचा इतिहास या युक्तिवादाला पूर्ण दुजोरा देत नाही. महाराष्ट्रात आणि पंजाबात व्यापारी व्यवहारावर ‘धर्मादा’ आकारण्याची जुनी रूढी होती. प्रत्येक सौद्यामागे थोडी रक्कम गोरक्षण, पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा अशा कामांसाठी कापली जाई. शेतकऱ्याला आडत्याकडून मिळणाऱ्या पट्टीत हमाली आणि तोलाईबरोबर अशा कपातीही असत. एकेक कपात नगण्य, पण हंगामाची बेरीज मोठी. ती रक्कम दिली शेतकऱ्याने किंवा गिऱ्हाइकाने. दानाचे पुण्य आणि नाव मात्र बाजाराच्या नावे जमा झाले.

या रूढीची दखल कायद्याने दोन प्रकारे घेतली. पंजाबात सर छोटूराम यांच्या पुढाकाराने झालेल्या १९३९ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने मंडीतील मनमानी कपातींना आळा घालण्याचा आणि बाजार समितीत शेतकऱ्याला स्थान देण्याचा प्रयत्न केला. बाजाराच्या नियमनाची वाट त्यापूर्वीच वऱ्हाडात पडली होती. कारंजा येथील १८८६ चा कापूस बाजार आणि १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारविषयक कायदा ही तिची आरंभीची ठिकाणे. मुंबई राज्याने वेगळा मार्ग घेतला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ५४ ने असे ठरवले की, रूढीनुसार धर्मादा म्हणून गोळा केलेली रक्कम व्यापाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने राहते आणि तिचा हिशेब त्याने धर्मादाय कार्यालयाला द्यावा.

‘विश्वस्त’ या एका शब्दाने हिशेबाचा वाचक बदलला. पंजाबच्या कायद्याने कपात रोखू पाहिली; मुंबईच्या कायद्याने कपात मान्य करून तिच्यावर उत्तरदायित्व बसवले. दोहोंमागील जाणीव एकच : बाजारात सभासद आणि सरकार यांच्याखेरीज एक तिसरा पक्ष आहे. शेतकरी, हमाल, किरकोळ विक्रेता, गिऱ्हाईक हा तो तिसरा वाचक. महाराष्ट्रात त्याच्या हाती पट्टी असते, पंजाब-हरियाणाच्या मंडीत ‘जे फॉर्म’ असतो. त्याच्या एका सौद्याचा हिशेब त्याला मिळतो. ज्या संघामार्फत बाजाराचे नियम घडतात त्या संघाचा हिशेब मिळत नाही.

६. कायद्यातील एक रुपयाचा वाचक

लहान व्यापारी संघ बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदला जातो. या अधिनियमात एक लक्षवेधी तरतूद आहे. कलम १९ नुसार कोणालाही एक रुपया भरून निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे पाहता येतात. सभासद असण्याची अट नाही, कारण सांगण्याची अट नाही. १८६० मध्ये एखाद्या कायद्याने परक्या वाचकासाठी दार उघडे ठेवावे, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र आत गेल्यावर वाचायला काय मिळते? मूळ अधिनियमाच्या कलम ४ नुसार दरवर्षी दाखल करावयाची आहे ती कार्यकारी मंडळाची यादी : नावे, पत्ते, व्यवसाय. जमाखर्च दाखल करण्याचे बंधन त्या कलमात नाही. वाचनाचा हक्क दिला, वाचनीय मजकूर दिला नाही.

महाराष्ट्राने ही पोकळी बऱ्याच अंशी भरली. सार्वजनिक हेतूची नोंदणीकृत संस्था येथे विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीही येते. तिच्या हिशेबांची दरवर्षी तपासणी व्हावी लागते आणि ताळेबंद व उत्पन्न-खर्चपत्रक अनुक्रमे आठव्या व नवव्या अनुसूचीच्या ठरावीक नमुन्यांत द्यावे लागते. ‘अनुसूची आठ’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील कोणत्याही संस्थेच्या चिटणिसाला परिचित असतो. पंजाब-चंडीगडच्या परंपरेत धर्मादाय आयुक्तासारखी यंत्रणा नाही. परिणामी पुण्यातील संघ आणि चंडीगडमधील संघ सारखेच काम करीत असले, तरी एकाच्या अहवालाला ठरलेला साचा आहे आणि दुसऱ्याचा साचा मुख्यतः त्याच्या नियमावलीवर, करकायद्यावर आणि चिटणिसाच्या सवयीवर अवलंबून आहे.

माहितीच्या अधिकाराने २००५ नंतर हा प्रश्न नव्याने उभा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले की, केवळ शासकीय देखरेख असल्याने संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. २०१९ मध्ये डी.ए.व्ही. महाविद्यालयांच्या प्रकरणात, ज्यात चंडीगडमधील महाविद्यालयांचा प्रश्न होता, त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी अशासकीय संस्था या कायद्याच्या कक्षेत येते. वर्गणीवर चालणारा व्यापारी संघ सहसा या व्याख्येबाहेर राहतो. त्याला प्रकटीकरणाची सक्ती नाही. म्हणूनच तो स्वेच्छेने काय प्रकट करतो हे महत्त्वाचे ठरते.

करकायद्यात तर शब्दांचीच परीक्षा झाली. व्यापाराला चालना देणे हे ‘धर्मादाय’ प्रयोजन होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या खटल्यात मान्य केले. १९७९ मध्ये सुरतच्या कृत्रिम रेशीम उत्पादकांच्या संघाबाबत ‘प्रधान हेतू’ची कसोटी लावली. २००८ च्या दुरुस्तीने शुल्क घेऊन केलेल्या व्यापारसदृश सेवांवर मर्यादा आणली आणि २०२२ च्या निर्णयात न्यायालयाने खर्चाइतके किंवा त्याहून नाममात्र अधिक शुल्क आणि नफ्याचे शुल्क यांतील भेद केंद्रस्थानी ठेवला. आलेल्या रकमेला ‘वर्गणी’ म्हणावे, ‘देणगी’ म्हणावे की ‘सेवाशुल्क’, यावर संस्थेची ओळख ठरते. नामकरण हा येथे शैलीचा विषय राहत नाही.

७. तीन पत्रके, तीन निवेदने

अहवालातील तीन पत्रकांचा भेद अभ्यासकाने समजून घेणे आवश्यक आहे. जमा-खर्चपत्रक वर्षभरात रोख किती आली आणि किती गेली हे सांगते; ती घटनांची बखर आहे. उत्पन्न-खर्चपत्रक त्या वर्षाचे म्हणून काय मिळाले आणि त्या वर्षासाठी काय लागले याची सांगड घालते. त्यात अर्थनिर्णय आला. ताळेबंद वर्षअखेरीच्या एका दिवशी संस्थेकडे काय आहे आणि ती कोणाचे काय देणे लागते हे दाखवतो. ते स्थिरचित्र होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २०० सभासदांच्या संघाने वार्षिक वर्गणी म्हणून प्रत्येकी १,००० रुपये आणि स्थलांतराच्या न्यायालयीन लढ्यासाठी प्रत्येकी ५,००० रुपये गोळा केले. वर्गणीचे २ लाख कार्यालयावर खर्च झाले. लढ्याच्या १० लाखांपैकी ४ लाख वकिलाला दिले. ६ लाख बँकेत राहिले. सर्व रक्कम ‘उत्पन्न’ म्हणून दाखवली तर संघाला ६ लाखांची बचत झाली असे वाचकाला वाटेल. तीच शिल्लक ताळेबंदात ‘न्यायालयीन कामासाठी राखीव निधी’ म्हणून दाखवली, तर ती विशिष्ट वचनाने बांधलेली आहे हे कळेल. खटला मिटल्यास ती परत करायची का, हा प्रश्न सभेत विचारता येईल. दोन्ही मांडण्यांतील बेरजा बरोबर आहेत. सत्याचा फरक निवेदनात आहे.

म्हणून लहान संघाच्या पारदर्शकतेसाठी महागड्या यंत्रणेची गरज नाही. राखीव निधी वेगळे दाखवणे, मागील वर्षाचे आकडे शेजारी देणे, पदाधिकाऱ्यांच्या दुकानांशी झालेले संघाचे व्यवहार नोंदवणे, ‘किरकोळ’ या सदराला मर्यादा घालणे आणि ज्या सार्वजनिक प्रश्नावर संघाने निवेदने दिली त्यासाठी झालेला खर्च स्वतंत्र ओळीत लिहिणे, एवढ्याने पत्रक बोलके होते. ते बाजाराच्या फलकावर लोकांच्या भाषेत लावले, तर तिसऱ्या वाचकापर्यंत पोहोचते. पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर लाडू-चिवड्याची विक्री करीत आली आहे. हा शब्दप्रयोग गिऱ्हाइकाला उद्देशून आहे हे ध्यानात घ्यावे. सभासदाबाहेरच्या माणसाशी हिशेबाच्या भाषेत बोलण्याची ती रीत आहे, आणि तशी रीत बाजाराला परकी नाही.

८. अहवाल आणि अभिलेख

अहवालाचा आणखी एक वाचक असतो : पुढील काळ. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरणीमालक संघाचे छापील वार्षिक अहवाल कापडगिरण्यांच्या इतिहासकारांचे मुख्य साधन ठरले. त्याच शहरात, त्याच उद्योगात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तिच्याकडे सभासदांची यादी, निधी आणि नियम नाहीत, अशी नोंद १८९२ च्या कारखानाविषयक सरकारी अहवालात झाली. त्यामुळे कामगारांचा आवाज ऐकण्यासाठी अभ्यासकाला ‘दीनबंधु’च्या अंकांकडे आणि अर्जांकडे वळावे लागते. याउलट सत्यशोधक समाजाने १८७० च्या दशकात आपल्या कार्याचा रिपोर्ट छापून प्रसिद्ध केला. आज तो फुले यांच्या समग्र वाङ्मयात समाविष्ट आहे आणि वाङ्मय म्हणून वाचला जातो. अहवाल लिहिणारा पक्ष इतिहासात आपल्या शब्दांत उरतो. न लिहिणारा दुसऱ्याच्या अहवालात, दुसऱ्याच्या शब्दांत उरतो.

सेक्टर ३९ च्या स्थलांतराचा इतिहास उद्या लिहिला जाईल तेव्हा प्रशासनाच्या फायली आणि न्यायालयाचे निर्णय उपलब्ध असतील. लहान आडत्याने कोणत्या आशेने विशेष वर्गणी भरली, ती कशी वापरली गेली, हे कळण्याचे साधन संघाचा हिशेब हेच असेल.

९. समारोप

आर्थिक पारदर्शकता म्हणजे आकडे उघड करणे, ही व्याख्या अपुरी आहे. लंडे किंवा मोडीतील वही उघडी ठेवली तरी ती सर्वांना वाचता येत नव्हती. पारदर्शक हिशेब तोच, ज्याने आपला वाचक व्यापक धरला आहे. व्यापारी संघाच्या बाबतीत सभासद हा पहिला वाचक, शासन हा दुसरा. आणि ज्याच्या पट्टीवर, ज्याच्या ‘जे फॉर्म’वर संघाच्या निर्णयांचे परिणाम उमटतात तो तिसरा. धर्मादाच्या इतिहासाने या तिसऱ्याचा पैसा संघांच्या पुण्यकार्यात गुंतलेला होता हे दाखवले; १८६० च्या कायद्याने त्याला एका रुपयात दार उघडून दिले. आत त्याच्या हाती देण्याजोगे पान लिहिण्याचे काम लहान संघांच्या चिटणिसांकडे आणि खजिनदारांकडे उरते. ते पान त्यांनी कसे लिहिले, हे वाचण्याचे काम तौलनिक साहित्याच्या अभ्यासकानेही आपले मानण्यास हरकत नसावी.